डेटाबेसमधली व्यक्तिगत माहिती एन्क्रिप्ट करताना: आधी किल्ली, मग क्वेरी, शेवटी लायब्ररी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका चालू अ‍ॅप्लिकेशनच्या डेटाबेसमध्ये वापरकर्त्यांचे ओळखपत्र क्रमांक, फोन नंबर, जन्मतारखा, बँक खात्यांचे नंबर आणि आरोग्याबद्दलच्या टिपा साध्या मजकुरात पडून आहेत. हे कॉलम मॉडेलच्या पातळीवर एन्क्रिप्ट करायचे आहेत. कोणती लायब्ररी घ्यावी, फोन नंबरवरून शोध चालू राहील का, किल्ली कुठे ठेवावी, आणि आधीच साठलेल्या लाखो ओळींचं काय करावं?

लायब्ररीचं उत्तर यात सगळ्यांत सोपं आहे, म्हणून ते मागे ठेवतो. आधी एक गोष्ट पक्की करू. एन्क्रिप्शनने गुपित नाहीसं होत नाही, ते आकाराने लहान होतं. आज तुम्ही लाखो ओळी, त्यांचे बॅकअप आणि त्या बॅकअपच्या प्रती सांभाळता. उद्या ३२ बाइटची किल्ली सांभाळावी लागेल. हा व्यवहार फायद्याचा आहे, पण ती किल्ली डेटापासून खरोखर वेगळी राहिली तरच. ती त्याच बॅकअपमध्ये, त्याच डेटाबेसच्या एखाद्या सेटिंग टेबलात किंवा कोडच्या रेपॉझिटरीत असेल, तर संरक्षणात काहीच भर पडलेली नाही. ऑगस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडलं होतं की पद्धत शत्रूला ठाऊक झाली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. म्हणून पुढच्या प्रत्येक निर्णयाला मी एकच प्रश्न लावतो: डेटाबेसची पूर्ण प्रत हाती आलेल्या पण किल्ली नसलेल्या माणसाला यातून काय कळेल?

हे एन्क्रिप्शन कोणापासून वाचवतं आणि कोणापासून नाही, ते टीमने लिहून काढावं. डिस्क किंवा अख्ख्या डेटाबेसच्या फाइली एन्क्रिप्ट करणं (दुसऱ्या प्रकाराला टीडीई म्हणतात) हे डिस्क चोरीला गेली तर उपयोगी पडतं. डेटाबेस चालू असताना क्वेरी करणाऱ्या प्रत्येकाला मात्र माहिती मोकळी दिसते. फील्ड पातळीचं एन्क्रिप्शन त्याच्या पुढे जातं. बॅकअपची फाइल बाहेर गेली, एसक्यूएल इंजेक्शनने, म्हणजे फॉर्ममधून स्वतःची क्वेरी घुसवून, कोणी टेबल उपसलं, अहवालांसाठी दिलेल्या रेप्लिकावर (डेटाबेसच्या चालू प्रतीवर) कोणी नको तिथे पाहिलं, तर हाती सायफरटेक्स्ट येतो, म्हणजे एन्क्रिप्ट झालेला, न वाचता येणारा मजकूर. पण अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरच कोणी ताब्यात घेतला, तर किल्ली त्याच प्रोसेसच्या मेमरीत असते. आणि यूआरएलमधला आयडी बदलून दुसऱ्याचं प्रोफाइल उघडत असेल, तर मॉडेल ती माहिती नेमाने डिक्रिप्ट करून समोर ठेवील. परवानग्यांची तपासणी ढिली असताना एन्क्रिप्शनवर वेळ घालवू नका. आधी ती घट्ट करा.

डेटाबेसच्या आतच एन्क्रिप्ट करणारी साधनं आहेत, उदाहरणार्थ पोस्टग्रेसचं पीजीक्रिप्टो. तिथे किल्ली क्वेरीबरोबर डेटाबेस सर्व्हरकडे पाठवावी लागते. ज्याच्यापासून माहिती लपवायची त्याच्याच हातात ती पडते, आणि क्वेरी लॉग होत असतील तर लॉगमध्येही उतरते. तुमच्यासारख्या प्रश्नात एन्क्रिप्शन अ‍ॅप्लिकेशनमध्येच व्हावं, डेटाबेसला फक्त बाइट दिसावेत, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता कॉलमची यादी घ्या, आणि प्रत्येकापुढे ‘हे आपल्याला का लागतं’ हे लिहा. जन्मतारीख फक्त १८ वर्षं पूर्ण आहेत का हे पाहण्यासाठी घेतली असेल, तर तपासून हो-नाही एवढंच ठेवा. कार्ड नंबर पेमेंट सेवेकडे ठेवा, स्वतःकडे तिने दिलेला टोकन. कार्डाचा सीव्हीव्ही तर व्यवहार मंजूर झाल्यावर एन्क्रिप्ट करूनही साठवायला पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकाची मनाई आहे. पासवर्ड या यादीतच नको: तो परत वाचायची गरज कधीच नसते, त्याला आर्गॉन२आयडी किंवा बीक्रिप्टसारखा मुद्दाम संथ हॅश, म्हणजे उलटा न फिरवता येणारा ठसा, लागतो. जे साठवलंच नाही ते फुटत नाही, आणि त्याच्यासाठी किल्लीही लागत नाही. उलट उत्साहाच्या भरात नाव, शहर, खातं उघडल्याची तारीख असं सगळंच एन्क्रिप्ट करू नका. प्रत्येक एन्क्रिप्टेड कॉलम शोध, क्रम, जोड आणि अहवाल यांपैकी काहीतरी काढून घेतो.

अल्गोरिदमबद्दल फार वेळ नको. एईएस हे एन्क्रिप्शनचं मानक अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेने २००१ मध्ये जाहीर केलं आणि ते आजही भक्कम आहे. त्यावर जीसीएम मोड (एईएस लावण्याची एक पद्धत) वापरा, म्हणजे एईएस-२५६-जीसीएम. यात मजकूर झाकला जातोच, शिवाय १६ बाइटचा टॅग मिळतो. सायफरटेक्स्टमधला एक बिट जरी कोणी बदलला तरी डिक्रिप्ट करताना तो पकडला जातो. अट एकच, पण कडक: त्याच किल्लीबरोबर तोच नॉन्स, म्हणजे एन्क्रिप्ट करताना मिसळायचा एकदाच वापराचा आकडा, पुन्हा वापरायचा नाही. नॉन्स दुसऱ्यांदा वापरला गेला की दोन मजकुरांमधला फरक उघडा पडतो आणि खोटे टॅग बनवण्याचा रस्ताही खुला होतो. १२ बाइटचा नॉन्स दर वेळी क्रिप्टोग्राफीसाठीच्या रँडम जनरेटरमधून घ्या. असे यादृच्छिक नॉन्स वापरताना एका किल्लीखाली २चा ३२वा घात, म्हणजे सुमारे ४३० कोटी, यापेक्षा जास्त वेळा एन्क्रिप्ट करू नये अशी एनआयएसटीची मर्यादा आहे. बहुतेक अ‍ॅप्लिकेशन तिथवर पोचत नाहीत, पण दर काही सेकंदांनी बदलणारं फील्ड असेल तर हिशेब करून पाहा.

चुकीचा मोड काय करतो याचा मोठा धडा २०१३ मध्ये अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीच्या फुटलेल्या माहितीने दिला. १५ कोटींहून जास्त नोंदींमधले पासवर्ड ट्रिपल डीईएसने, ईसीबी मोडमध्ये, एकाच किल्लीने एन्क्रिप्ट केलेले होते. त्या माहितीत किल्ली नव्हती. पण ईसीबीत सारख्या मजकुराचा सायफरटेक्स्ट सारखाच येतो, त्यामुळे एकच पासवर्ड असलेली माणसं एका गटात दिसत होती. शेजारच्या कॉलममध्ये लोकांनी स्वतः लिहिलेले पासवर्डचे इशारे साध्या मजकुरात होते. गटातल्या एखाद्याचा इशारा स्पष्ट असला की पूर्ण गटाचा पासवर्ड उलगडत होता. किल्ली न फुटता गुपित फुटलं. हा प्रसंग लक्षात ठेवा, शोधाच्या प्रश्नात तो पुन्हा उपयोगी पडेल.

लायब्ररी आपल्या फ्रेमवर्कमधली, भरपूर वापरात असलेली घ्या. एन्क्रिप्शनचा कोड स्वतः रचू नका. रेल्समध्ये ७व्या आवृत्तीपासून ही सोय आतच आहे. लाराव्हेलमध्ये मॉडेलच्या कास्टमध्ये एन्क्रिप्टेड असं सांगता येतं, पण ते मुळात अ‍ॅपची मुख्य किल्ली वापरतं. कुकीही तिच्यावरच चालतात, म्हणून मॉडेलसाठी वेगळी किल्ली द्या. जँगोमध्ये असं फील्ड मुळातून मिळत नाही. पायथनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीतलं फर्नेट वापरून ते बनवतात, आणि ते चांगलं चालतं. आत एईएस-१२८-सीबीसी आणि एचमॅक आहे, हे कमकुवत नाही. फक्त एवढं ओळखून असा की फर्नेटच्या प्रत्येक टोकनात तो कधी तयार झाला ती वेळ उघडी असते. जावाच्या जेपीएमध्ये अ‍ॅट्रिब्यूट कन्व्हर्टर ही त्याची स्वाभाविक जागा.

जीसीएमसारख्या मोडमध्ये ‘जोड-माहिती’ देण्याची सोय असते. तिचा वापर फार कमी जण करतात, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. टॅगमुळे सायफरटेक्स्ट बदललेला कळतो, पण तो उचलून दुसऱ्या ओळीत ठेवलेला कळत नाही. समजा कोणाला डेटाबेसमध्ये लिहिता येतं, पण किल्ली त्याच्याकडे नाही. तो दुसऱ्याच्या ओळखपत्र क्रमांकाचा सायफरटेक्स्ट आपल्या ओळीत चिकटवतो, लॉग इन करतो, आणि अ‍ॅप्लिकेशन त्याला तो क्रमांक त्याचाच समजून दाखवतं. खातं नंबराच्या कॉलममध्ये हाच प्रकार झाला तर पैसे दुसरीकडे जातात. यावर उपाय म्हणजे एन्क्रिप्ट करताना टेबलाचं नाव, कॉलमचं नाव आणि ओळीचा आयडी जोड-माहिती म्हणून देणं. ती साठवली जात नाही, पण डिक्रिप्ट करताना तीच पुन्हा द्यावी लागते. ओळ बदलली की टॅग जुळत नाही आणि चोरी उघडी पडते. अडचण एवढीच की ओळीचा आयडी आधी माहीत हवा. आपोआप वाढणारा आकडा असेल तर तो ओळ घातल्यावरच मिळतो, म्हणून अशा टेबलांना अ‍ॅप्लिकेशनमध्ये बनवलेला यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारा लांब आयडी) द्यावा. आयडी कायम राहणार आहे ना, हेही पाहून घ्या. दोन खाती एकत्र करणारी सोय असेल तर तिथे पुन्हा एन्क्रिप्ट करावं लागेल.

आता शोध. फील्ड एन्क्रिप्शनचं खरं डिझाइन इथे होतं.

यादृच्छिक नॉन्समुळे एकच फोन नंबर दोनदा एन्क्रिप्ट केला तर दोन वेगळे सायफरटेक्स्ट येतात. ते हवंच आहे, पण मग ‘हा नंबर असलेली ओळ शोध’ असं डेटाबेसला सांगता येत नाही. पहिला मोह होतो तो नंबराचा एसएचए-२५६ हॅश शेजारी ठेवून त्यावर इंडेक्स लावण्याचा. तो टाळा. १० अंकी नंबर जास्तीत जास्त १,००० कोटी असू शकतात, आणि चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो कोटी एसएचए-२५६ काढतं. सगळे नंबर हॅश करून जुळवणं हे फार तर काही मिनिटांचं काम. जन्मतारखेची गोष्ट तर त्याहून वाईट: १०० वर्षांत जेमतेम ३६,५०० तारखा. सगळ्यांना सारखं सॉल्ट, म्हणजे हॅशमध्ये मिसळायचा जादा मजकूर, लावलं आणि ते डेटाबेसमध्येच ठेवलं, तरी यात फरक पडत नाही.

बरोबर रस्ता म्हणजे ब्लाइंड इंडेक्स. मूळ किमतीचा एचमॅक काढायचा, म्हणजे गुप्त किल्ली मिसळलेला हॅश, आणि तो वेगळ्या कॉलममध्ये ठेवून इंडेक्स त्यावर लावायचा. शोधताना आलेल्या नंबराचा तसाच एचमॅक काढून तो जुळवायचा. किल्ली नसलेल्या माणसाला सगळे नंबर चाळून पाहता येत नाहीत. ही किल्ली एन्क्रिप्शनच्या किल्लीपेक्षा वेगळी असावी, आणि प्रत्येक कॉलमला स्वतःची असावी. नाहीतर ग्राहकांच्या टेबलातला नंबर आणि तातडीच्या संपर्काच्या टेबलातला नंबर एकच आहे हे हॅश जुळवून कळतं, आणि माणसांमधली नाती उघडी पडतात. एकच फोन दोन खात्यांना नको असेल तर युनिक बंधनही याच कॉलमवर लावा. केवळ मॉडेलमधली तपासणी एकाच वेळी आलेल्या दोन विनंत्यांना अडवू शकत नाही.

दुसरा पर्याय निश्चित एन्क्रिप्शनचा. सारख्या मजकुराचा सायफरटेक्स्ट मुद्दाम सारखा येऊ द्यायचा, रेल्समध्ये तसा पर्यायच आहे. कॉलम एकच राहतो, क्वेरी सोपी राहते. तरी मला ब्लाइंड इंडेक्स जास्त पटतो. त्यात मूळ माहिती यादृच्छिक पद्धतीनेच झाकलेली राहते, आणि शोध नको झाला तर इंडेक्सचा कॉलम टाकून देता येतो. इंडेक्सची किल्ली बदलतानाही साठवलेल्या सायफरटेक्स्टला हात लावावा लागत नाही, फक्त हॅश पुन्हा काढावे लागतात.

दोन्ही मार्गांनी एक गोष्ट उघडी राहते: कोणत्या दोन ओळी सारख्या आहेत ते. ओळखपत्र क्रमांकासारख्या, प्रत्येकाच्या वेगळ्या किमतीत त्याने काही बिघडत नाही. रक्तगटासारख्या ८ शक्यतांच्या फील्डमध्ये मात्र सगळंच बिघडतं. कोणता गट किती टक्के लोकांत असतो ही माहिती जाहीर आहे. सर्वाधिक दिसणारा सायफरटेक्स्ट कशाचा, हे मग कोणीही सांगेल. २०१५ मध्ये मुहम्मद नवीद, सेनी कमारा आणि चार्ल्स राइट या संशोधकांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या खऱ्या नोंदी घेऊन अशा प्रकारे एन्क्रिप्ट केलेल्या कॉलमांवर हल्ले करून दाखवले, आणि केवळ वारंवारता व क्रम यांच्या हिशेबावरून रुग्णांची बरीच माहिती उलगडली. अडोबीच्या पासवर्डांना हेच भोवलं होतं. म्हणून लिंग, रक्तगट, निदानाचा कोड, हो-नाही अशा फील्डांवर ब्लाइंड इंडेक्सही नको आणि निश्चित एन्क्रिप्शनही नको. शोधायची फार निकड असेल तर आधी दुसऱ्या निकषाने ओळी कमी करा आणि उरलेल्या डिक्रिप्ट करून अ‍ॅप्लिकेशनमध्ये चाळा. काही हजार ओळींसाठी हे सहज परवडतं.

एक सूक्ष्म हल्ला लोकांच्या ध्यानात येत नाही. ज्याला डेटाबेस वाचता येतो आणि अ‍ॅपवर नवीन खातंही उघडता येतं, तो हवा तो फोन नंबर स्वतःच्या खात्याला लावून पाहतो आणि तयार झालेला ब्लाइंड इंडेक्स इतर ओळींशी ताडतो. किल्ली न घेता त्याने ती वापरली. नंबराची ओटीपीने पडताळणी झाल्यावरच तो त्या कॉलममध्ये लिहिला, तर हे दार बंद होतं.

ब्लाइंड इंडेक्स काढण्याआधी किंमत एका साच्यात बसवणं अत्यावश्यक आहे, कारण एक जागा किंवा एक डॅश जास्त आला तरी हॅश पूर्ण बदलतो. ईमेल लहान लिपीत, फोन देशाच्या कोडसह सलग अंकांत, आकडे देवनागरीत टाइप केले असतील तर एकाच लिपीत आणून. नावांसाठी युनिकोडचं एनएफसी हे एकसारखं केलेलं रूप घ्या, पण देवनागरीत तेवढ्यावर थांबू नका. ‘ऱ्ह’ असलेलं आडनाव काही कीबोर्डवर नुक्त्याचा र आणि हलंत असं साठतं, तर काहींवर साधा र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह असं. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, एनएफसी त्यांना एक करत नाही, आणि शोध निमूटपणे रिकामा येतो. हा नियम स्वतः लिहावा लागतो. तो एकाच फंक्शनमध्ये ठेवा, त्याला आवृत्ती द्या. नियम बदलला की सगळे इंडेक्स पुन्हा काढावे लागतात, म्हणून सुरुवातीलाच त्यावर वेळ द्या.

अर्धवट शोध, क्रमवारी, ‘अमुक तारखेच्या आधी जन्मलेले’ अशा क्वेरी: यांतलं काहीही सायफरटेक्स्टवर चालत नाही. क्रम टिकवणारं एन्क्रिप्शन अस्तित्वात आहे, पण वरच्या संशोधनात सर्वांत वाईट तेच उघडं पडलं. ते वापरू नका. व्यवहारात बहुतेक गरजा लहान तुकड्याने भागतात. ग्राहकसेवेला खातं ओळखायला शेवटचे ४ अंक पुरतात, त्यांचा वेगळा ब्लाइंड इंडेक्स ठेवा. वयोगटाच्या अहवालाला जन्मवर्ष पुरतं. प्रत्येक तुकडा काहीतरी उघड करतो, म्हणून तो मागणी आल्यावरच जोडा.

सायफरटेक्स्टची लांबीही बोलते. जीसीएम लांबी लपवत नाही. तपासणीचा निकाल ‘सामान्य’ किंवा ‘असामान्य’ असा शब्दात साठवला तर दोन्हींची लांबी वेगळी, आणि किल्लीशिवाय निकाल वाचता येतो. छोट्या ठरावीक किमती एकाच लांबीपर्यंत भरून मग एन्क्रिप्ट करा. लांब टिपांना २५६ बाइटच्या पटीत भरलं की पुरे.

किल्लीकडे वळू. तीन जागा नेहमी दिसतात: कोडमधली फाइल, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (अ‍ॅप सुरू करताना बाहेरून दिलेली सेटिंग) आणि केएमएस, म्हणजे किल्ल्या सांभाळणारी वेगळी सेवा. पहिली चालणार नाही, रेपॉझिटरीच्या इतिहासातून ती सहजी पुसली जात नाही. दुसरी छोट्या अ‍ॅपला सुरुवातीला चालेल, पण एररच्या अहवालात आणि डीबग पानावर सगळे व्हेरिएबल छापणारी साधनं आहेत हे ध्यानात असू द्या. परवडत असेल तर तिसरीच घ्या, मग ती क्लाउडची केएमएस असो किंवा व्हॉल्टसारखं साधन. रचना अशी: मुख्य किल्ली केएमएसमध्ये राहते आणि तिथून कधीही बाहेर येत नाही. डेटाच्या किल्ल्या वेगळ्या असतात, त्या मुख्य किल्लीने गुंडाळून, म्हणजे एन्क्रिप्ट करून, साठवलेल्या असतात. अ‍ॅप सुरू होताना गुंडाळलेली किल्ली केएमएसकडून उघडून घेतं आणि मेमरीत ठेवतं. प्रत्येक ओळीला केएमएसला विचारू नका. १०० ओळींचं एक पान उघडायला १०० नेटवर्क फेऱ्या होतील आणि साइट बसेल. या रचनेचा मोठा फायदा म्हणजे किल्ली कोणी, कधी उघडली याची नोंद वेगळ्या ठिकाणी राहते, आणि गडबडीची शंका आली तर प्रवेश एका जागेवरून तोडता येतो.

प्रत्येक सायफरटेक्स्टच्या सुरुवातीला किल्लीचा क्रमांक लिहा. पहिल्या दिवशी किल्ली एकच असते म्हणून हे फालतू वाटतं, पण किल्ली बदलायची वेळ येते तेव्हा कोणती ओळ कशाने उघडायची हे त्याशिवाय कळत नाही. बदल मग शांतपणे होतो: नवीन किल्ली आणायची, नवीन लेखन तिने करायचं, वाचन दोन्हींनी, मागून जुन्या ओळी हळूहळू पुन्हा एन्क्रिप्ट करायच्या, आणि जुन्या क्रमांकाची एकही ओळ उरली नाही याची क्वेरी चालवून खात्री झाल्यावरच जुनी किल्ली निवृत्त करायची. निवृत्त म्हणजे नष्ट नव्हे. जुने बॅकअप जोवर ठेवायचे आहेत तोवर त्यांची किल्लीही लागणार. हा बदल गरज नसताना एकदा स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, करून पाहा. किल्ली फुटली असताना तो पहिल्यांदा करायची वेळ येऊ नये.

किल्ली हरवली तर माहिती गेली. कोणताही विक्रेता, कोणतंही साधन ती परत देऊ शकत नाही. किल्लीचा बॅकअप हवा, तो डेटाच्या बॅकअपपासून वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या माणसांच्या हाती हवा, आणि त्यावरून डेटा उघडतो का हे अधूनमधून प्रत्यक्ष करून पाहायला हवं.

‘माझी माहिती पुसा’ अशी विनंती आली की जुन्या बॅकअपचं काय, यावर प्रत्येक वापरकर्त्याला वेगळी डेटा-किल्ली देऊन ती नष्ट करण्याचा मार्ग सुचवला जातो. कल्पना उत्तम आहे, पण एक भोक राहतं. ती गुंडाळलेली किल्ली वापरकर्त्यांच्या टेबलातच असेल, तर ती जुन्या बॅकअपमध्येही आहे, आणि मुख्य किल्ली अजून जिवंत आहे. म्हणजे काहीच पुसलं गेलं नाही. या किल्ल्या वेगळ्या साठ्यात हव्यात आणि त्या साठ्याचे बॅकअप थोडे दिवसच टिकले पाहिजेत, तरच हा मार्ग खरा ठरतो.

चालू डेटाबेसमधल्या जुन्या ओळींसाठी घाई करू नका. एन्क्रिप्टेड माहितीसाठी नवा कॉलम जोडा. त्याचा आकार मोजून ठरवा: १० बाइटचा फोन नंबर, अधिक १२ बाइटचा नॉन्स, अधिक १६ बाइटचा टॅग मिळून ३८ बाइट होतात, आणि बेस६४ केल्यावर, म्हणजे साध्या अक्षरांत लिहिल्यावर, ५२ अक्षरं, किल्लीचा क्रमांक वेगळाच. तारखेचा कॉलमही आता तारखेचा राहत नाही, म्हणून डेटाबेस करत असलेली तपासणी एन्क्रिप्ट करण्याआधी मॉडेलमध्ये व्हायला हवी. मग अ‍ॅप दोन्ही कॉलममध्ये लिहू लागेल असं करा. जुन्या ओळी छोट्या गटांत हलवा, प्रत्येक ओळीत जुनी किंमत मधल्या काळात बदललेली नाही ही अट घालून, नाहीतर वापरकर्त्याने नुकताच बदललेला नंबर तुम्ही जुन्याने झाकाल. या कामात मॉडेलचे कॉलबॅक बंद ठेवा, त्यांतून ईमेल जात असतील तर लाखो लोकांना जातील. सगळं हलल्यावर प्रत्येक ओळ डिक्रिप्ट करून जुन्या किमतीशी ताडा, वाचन नव्या कॉलमवर आणा, काही दिवस जाऊ द्या, मग जुना कॉलम काढा.

आणि तो काढल्यावरही काम संपत नाही. पोस्टग्रेसमध्ये कॉलम ड्रॉप केला तरी त्याचे बाइट फाइलमध्ये राहतात, ते टेबल पूर्ण नव्याने लिहिलं गेल्यावरच जातात. त्यासाठी व्हॅक्यूम फुल लागतं, आणि ते चालू असेपर्यंत टेबल कुलूपबंद असतं, म्हणून वेळ निवडून करा. डब्ल्यूएएलच्या (पोस्टग्रेसच्या बदल-नोंदींच्या) साठवलेल्या फाइली, मायएसक्यूएलचे तसेच बिनलॉग, जुने बॅकअप, कोणी तरी चाचणीसाठी घेतलेला डंप, यांत मूळ मजकूर आहेच. ते सगळे कधी नष्ट होतील ती तारीख लिहून ठेवा. तुमचं एन्क्रिप्शन खऱ्या अर्थाने त्या तारखेला सुरू होतं.

स्थलांतराच्या काळात बहुतेक लायब्ररी ‘एन्क्रिप्ट नसलेलं सापडलं तर तसंच वाच’ अशी सवलत देतात. काम झालं की ती बंद करा, नाहीतर डेटाबेसमध्ये लिहू शकणारा कोणीही टॅगचं संरक्षण टाळून साधा मजकूर घुसवू शकतो. डिक्रिप्शन फसलं तर रिकामी किंमत परत करणारा कोडही नको. मॉडेलला फील्ड रिकामं दिसतं, कोणी फॉर्म सेव्ह करतं, आणि चांगला सायफरटेक्स्ट कायमचा पुसला जातो. फसलं तर मोठ्याने एरर द्या आणि लेखन थांबवा.

आता ज्या वाटांनी माहिती मॉडेलच्या बाहेर मोकळी पडते त्या बघा. विनंतीचे पॅरामीटर छापणारे लॉग, एरर गोळा करणारी सेवा, रेडिस या मेमरीतल्या साठ्यात पडलेली बॅकग्राउंड कामं जिथे फोन नंबर आर्ग्युमेंट म्हणून जातो, कॅश केलेलं अख्खं मॉडेल, इलास्टिकसर्च या शोध-साधनाचा इंडेक्स, विश्लेषणाच्या गोदामाकडे रात्री जाणारी प्रत. सगळ्यांत जास्त वेळा सुटणारी जागा म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणारं ऑडिट टेबल. त्यात जुनी आणि नवी किंमत साध्या मजकुरात बसते, कारण ते मॉडेलकडून डिक्रिप्ट झालेली किंमत घेतं. कामांच्या रांगेत नंबराऐवजी फक्त ओळीचा आयडी पाठवा, मॉडेलच्या छपाईरूपातून संवेदनशील फील्ड गाळा, ऑडिटमध्ये ‘बदलला’ एवढीच नोंद ठेवा.

हे सगळं नीट झालं का, हे ओळखायची माझी चाचणी अशी. स्टेजिंगवर एक काल्पनिक वापरकर्ता बनवा, ज्याच्या प्रत्येक संवेदनशील फील्डमध्ये दुसरीकडे कुठेही सापडणार नाही अशी किंमत आहे. त्याच्यावर नोंदणी, बदल, शोध, चुकीचा फॉर्म, मुद्दाम घडवलेली एरर, अहवालाची निर्यात, खातं बंद करणं हे सगळे प्रवाह चालवा. मग डेटाबेसचा कच्चा डंप, सगळे लॉग, रेडिस, सर्च इंडेक्स, एरर सेवा आणि बॅकअप यांत ती किंमत शोधा. फक्त मूळ रूपात नको, बेस६४ आणि हेक्समध्येही, आणि साध्या एसएचए-२५६ हॅशच्या रूपातही. ही चाचणी प्रत्येक रिलीजच्या पाइपलाइनमध्ये ठेवा, कारण पुढच्या महिन्यात कोणीतरी नवा लॉग किंवा नवा निर्यात-अहवाल जोडणारच, आणि तो सर्वांत आधी तिथेच सापडायला हवा.